अहो, तुमचं लिनक्स मी बदललं

अहो,

आज सकाळी दुकानातल्या कम्प्युटरची खालची पट्टी मी परत आणली. घड्याळ, आवाज, उघडलेल्या फायली, सगळं आता तिच्यावर दिसतं. अक्षरंही मोठी केली. तुम्ही असता तर "कामून घाण करायलीस स्क्रीनची?" म्हणून ओरडला असता. तुम्ही नाही, म्हणून आज मीच ओरडून घेते. त्यासाठीच लिहायला बसले.

एवढं कोणापासून लपवून ठेवलं होतं हो सगळं?

तुम्ही गेल्यावर महिन्याभरानं दुकान उघडलं. लग्नसराई तोंडावर होती. संतपुरात मराठी-कन्नड दोन्ही पत्रिका करणारं दुकान आपलंच, लोक घरी येऊन विचारायले होते. पासवर्ड मला ठाऊक होता, तुम्ही घालताना मोठ्यानं पुटपुटायचात की! पण पुढं? काळीकुट्ट स्क्रीन. एक चित्र न्हाई, एक बटण न्हाई. मला वाटलं, मशीनही तुमच्या मागं गेली.

"मशीन जुनी आहे, विंडोज तिला जड, हलकं लिनक्सच झेपतं," असं तुम्ही गिऱ्हाइकांना कौतुकानं सांगायचात. भंगारात जायची मशीन तुम्ही इतकी वर्षं पळवलीत, ते खरंच. पण हलकं म्हणजे इतकं हलकं, की हाताला धरायलाही काही ठेवायचं नाही?

उजवं बटण दाबल्यावर यादी उघडते, हे टेबल पुसताना चुकून कळलं. आणि यादी तरी कसली! मांडव. चावडी. म्हातारी. सासुरवाडी. मांडव म्हणजे पत्रिकांचे नमुने, तेवढं लगेच कळलं. चावडी म्हणजे इंटरनेट. म्हातारी म्हणजे प्रिंटर, कारण कागद ओढायच्या आधी तो खोकतो! आणि सासुरवाडी उघडली, तर कचऱ्याचा डबा. माझ्या गाणगापूरच्या माहेराला कचऱ्याचा डबा केलात? तिकडं बघून एकटेच हसत बसायचात ना? मला सांगितलं असतंत तर मी हसले नसते, भांडले असते. निदान भांडू तरी द्यायचं होतं.

मग तो कीबोर्ड! मराठी लिहिता लिहिता मधेच कन्नड उमटायचं. नवरीच्या नावातलं अर्धं अक्षर मराठी, अर्धं कन्नड. दोन्ही शिफ्ट एकदम दाबल्या की भाषा बदलते, हे तुमच्या बोटांना ठाऊक होतं. माझ्या बोटांना कोणी सांगायचं?

"राहू दे, तुला न्हाई जमायचं, मी करतो." किती वेळा ऐकलं मी हे! पत्रिकांच्या घड्या मी घालायच्या, गिऱ्हाइकाशी मी बोलायचं, शुद्धलेखन मी बघायचं. खुर्चीत मात्र तुम्ही. "दाखवा ना एकदा," म्हणलं की दाखवायचात, पण असे भरभर, की माझी नजर पोचेपर्यंत काम संपलेलं. वर विचारायचात, "कळलं का?" काय कळणार होतं?

तुमचे धाकटे भाऊ रोज दुकानात येऊन एकच बोलायचे. "वैनी, काढून टाका ते. बिदरहून माणूस बोलवतो, सगळं पुसून विंडोज घालून देतो."

"आणि भावजी, जुन्या पत्रिका?"

"त्या जातील. नव्या करा."

नव्या करा! कोणाच्या कुलदैवताचं नाव कसं लिहायचं, कोणत्या घरी मामाचं नाव आधी घालतात, कोणाकडं 'आमच्या इथं श्री बसवेश्वर कृपेकरून' पाहिजे, सगळं त्याच मशीनमध्ये. या भागातली निम्मी लग्नं तिथं आहेत. पुसू कशी देणार होते?

आणि नेमकं ठाणाकुशनूरच्या शिवकांता अक्कांच्या लेकीची पत्रिका छापायच्या दिवशीच मशीननं दगा दिला. पासवर्ड घातला की स्क्रीन क्षणभर काळी व्हायची आणि परत पासवर्डच मागायची. पुन्हा घातला, पुन्हा तेच. अक्का समोर बसलेल्या.

"अगं, माझा भाऊ उदगीरला निघायलाय. नवरदेवाकडं पहिली पत्रिका आज गेली न्हाई तर मी तोंड कसं दाखवू?"

भावजींनी तेवढ्यात फोन कानाला लावलाच. "आज येतो म्हणतोय तो. पुसूनच टाकू."

"थांबा," मी म्हणलं. इतक्या जोरात म्हणलं की अक्काही दचकल्या. तुमच्यावरचा राग सगळा त्या एका शब्दात गेला असेल.

मी बिदरला सलीमभाईंना फोन लावला. तुम्हाला लिनक्सचं खूळ लावणारे तेच ना! सगळं ऐकून ते शांतपणे म्हणाले, "भाभी, घबराव नक्को. डब्बा खराब नै हुआ. अंदर की जगा भर गई हुंगी."

त्यांनी एक एक कळ सांगितली. कंट्रोल, आल्ट आणि एफ-थ्री एकदम दाबलं, तर नुसती पांढऱ्या अक्षरांची ओळ आली. ते बोलायचे, मी टाईप करायची, स्पेस कुठं द्यायची तेही विचारून. खरंच, डिस्क गच्च भरलेली. मग कुठली फाईल किती जागा खाते ते काढलं. मला वाटलं पत्रिकांनीच भरली असेल. कसलं काय! आपला सगळा मांडव एका कोपऱ्यात मावला होता. बाकी सगळी जागा कशानं भरली होती? लिनक्सनं! या नावाचं लिनक्स, त्या नावाचं लिनक्स, कधीतरी बसवून बघू म्हणून उतरवून ठेवलेली.

सलीमभाई हसायला लागले. "हर थोड़े दिन को एक नवा उतारता था पगला."

"काय सापडलं गं?" अक्कांनी विचारलं.

"ह्यांची हौस," मी म्हणलं.

अहो, एक मशीन, एक दुकान, आणि लिनक्सं एवढी कशाला? कधी बसवणार होतात? तुम्हाला काय ठाऊक होतं का, किती वेळ हातात आहे ते?

ती सगळी पुसायची ओळ त्यांनी माझ्याकडून टाईप करून घेतली. "सोच के दबाव भाभी," सलीमभाई म्हणाले, "ये वापस नै आता."

तुमचा सदरा अजून खुंटीला आहे. चष्मा मी हलवलेला नाही. तुमचं म्हणून काही टाकून द्यायची वेळ पहिल्यांदाच आली, आणि तीही अशी, भावजी डोक्यावर उभे आणि अक्का घड्याळाकडं बघायलेल्या. दाबलं मी. आतून काहीतरी निघून गेल्यासारखं झालं, पण थांबायला सवड कुठं होती?

मशीन बंद करून चालू केली, पासवर्ड घातला, आणि तुमची ती काळीकुट्ट स्क्रीन आली आणि टिकली. तिला बघून मला इतका आनंद होईल असं कोणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं! भावजींनी मुकाट्यानं बिदरच्या माणसाला येऊ नको म्हणून कळवलं.

पत्रिका निघाली. कन्नड बाजू अक्कांनी मोठ्यानं वाचली, मराठी बाजू मी. "अगदी तुझ्या मालकाच्या हातची वाटायलीय," अक्का म्हणाल्या.

"न्हाई अक्का, ही माझी आहे. त्यांनी अक्षर बारीक ठेवलं असतं."

तेव्हापासून सलीमभाईंना विचारत विचारत एक एक गोष्ट माझ्या सोयीची करत आले. आज पट्टीवर येऊन पोचले.

आणि दुपारी अंगणवाडीच्या एक ताई आल्या, जुना लॅपटॉप पदराखाली धरून. चालू व्हायलाच चहा होईपर्यंत वेळ लागतो म्हणाल्या. "तुमचं ते हलकं ह्याच्यावर बसवाल का?" बसवलं. ते बसवायचा पेनड्राइव्ह सलीमभाईंनी आधीच पाठवला होता. झाल्यावर मी त्यांना शेजारी बसवलं आणि विचारलं, "तुम्हाला काय कुठं पाहिजे?"

त्यांनी खुर्ची पुढं ओढली. "माझ्या मनानं ठेवता येतं?"

मग काय! मुलांची हजेरी इथं, कन्नड टायपिंग तिथं, समोर नातीचा फोटो. माऊस त्यांच्याच हातात होता. चुकल्या, परत केलं, पुन्हा चुकल्या. मला घाई नव्हती.

अहो, तुमच्यावरचा राग अजून गेलेला नाही, एवढ्यात जाणारही नाही. पण एक वचन देते. माझ्या हातून जी मशीन नीट होईल, ती तिच्या धन्याला माझ्याशिवाय चालवता येईल. मी उद्या नसले, तरी कुणी बाई काळ्या स्क्रीनपुढं एकटी बसून राहणार नाही.

तुमची,
सुनंदा