आत एक

सोमवार
रोजनिशी लिहीन लिहीन म्हणत वही घेऊन महिना झाला. आज एकदाचा बसलो. तीन नोकऱ्या सोडून चौथीवर आलो आणि चक्क रमलो! संशोधन प्रयोगशाळेतल्या युरेनियमच्या डब्यांची राखण. वजन करायचं, झाकणावरचं सील तपासायचं, चिमूटभर फरक चालत नाही. समोरच्या छपरावर एक मांजर झोपतं, पोट वर करून— असो. तळघरातल्या कोठीत एकट्याने जायचं नाही. दोघांची कार्डं लागल्याशिवाय दार उघडत नाही. बाहेर येताना ज्याने त्याने आपलं लावायचं. आत माणसं किती, तो आकडा दारावर दिसतो. माझे जोडीदार मास्तर. सगळ्यांच्या चुका काढतात म्हणून हे नाव. मला ‘फिरस्ते’ म्हणतात. दोन महिने टिकलास तर घरी जेवायला बोलावीन म्हणाले.

बुधवार
मास्तरांचे गुडघे धरले, जिना उतरवेना. कुणाला बोलू नकोस म्हणत त्यांनी कार्ड दिलं. मी एकटाच आत गेलो, दोन्ही कार्डं लावून. बाहेर आलो तेव्हा त्यांचं आत वजनकाट्याजवळच राहिलं. दारावर: आत एक. मास्तरांचा चेहराच उतरला. कळलं तर दोघांच्याही नोकऱ्या जातील. उद्या बघू म्हणाले आणि लंगडत घरी गेले.

गुरुवार
माझ्या आधीच मास्तर कोठीपाशी हजर. गळ्यात कार्ड. आकडा शून्य. कुठे मिळालं विचारलं, तर म्हणाले, आतच होतं. पण एका कार्डाने दार उघडत नाही, आणि माझं माझ्या खिशात होतं. जिना धडाधड चढले. यांनी माल हलवला असेल तर? दोन्ही कार्डं लावणारा मीच. अडकणार मीच.

शुक्रवार
माल कमी नाही. उलट एक डबा जड भरतोय. सील शाबूत. मास्तर एकही चूक काढत नाहीत. मला नाव विचारलं त्यांनी. माझं. घरी जाताना दिसतच नाहीत. साहेबांना सांगायला हवं— पण कार्ड मीच—

शनिवार
कोठीत. साहेबांचा फोनवरून हुकूम, सगळं पुन्हा तोला. वही लपवून आणलीय. मास्तर मागे उभे. श्वास ऐकू येत नाही. मघाशी हात लागला— हातमोज्यातूनही चटका—

फाटकावरून पहारेकऱ्याचा फोन. म्हणाला, "मास्तर आलेत रे. दोन दिवस दवाखान्यात होते म्हणे. कार्ड तुझ्याकडे आहे म्हणतात. आत सोडू का?"

मागून कुणीतरी रिसीव्हर—