तुबली फ्लेमिंगोच्या शेवटच्या सामन्याबाबत खुलासा आणि निरवानिरव

लिहून ठेवणार : गुंडू लक्ष्मण आरोलकर, वय वर्षे अठ्ठावन्न, धंदा सुतारकाम, मूळ राहणार तालुका वेंगुर्ले, हल्ली मुक्काम तुबली, बहरीन. मी पूर्ण शुद्धीवर आहे. कोणी धाकदपटशा केलेला नाही, पाजलेली नाही. पुढच्या महिन्यात मुंबईत माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणाले, "इंशाल्ला, सगळं ठीक होईल." डॉक्टर इंशाल्ला म्हणाला की माणसाने कागद करून ठेवावेत, म्हणून हा कागद.

कायद्याची भाषा आमचे विलास गोखले यांनी सांगितली. ते पुण्याचे असून मनाम्यात बँकेत आहेत. बाकीची भाषा माझी आहे आणि ती त्यांना पसंत नाही.

कलम १. गावचे घर, पडवी व विहिरीतला अर्धा हिस्सा माझ्या पश्चात माझी पत्नी शेवंती हिचा. तिने एकदा पत्रात लिहिले होते, "घर तुमच्या नावावर आहे, पण घराने तुम्हांला ओळखले पाहिजे ना!" खरे आहे. एकवीस वर्षांत मी त्या घरात सगळे मिळून अडीच वर्षे राहिलो असेन. घर तिचेच होते, आता कागदावर होईल.

कलम २. पोस्टातले व बँकेतले जे काही असेल ते शेवंती व मुलगी सुनीता यांनी अर्धे अर्धे घ्यावे. भांडू नये. भांडायचेच झाल्यास मी असताना भांडावे, मला करमणूक होईल.

कलम ३. हत्यारे. दोन रंधे, सहा पटाश्या, गिरमिट व जर्मन करवत सुनीताच्या नवऱ्याला द्यावी, तो धार लावून ठेवणारा माणूस आहे. माझा मेहुणा बाळाजी याला यातले एकही हत्यार हातात देऊ नये. १९६९ साली मी रजेवर गावी असताना त्याने माझी करवत दोन दिवसांसाठी नेली व तिने नारळ फोडले. करवतीने नारळ! बाळाजीला माझी छत्री द्यावी. ती मोडकी आहे.

कलम ४. गुलाबी रंगाचा, पाठीवर ११ आकडा असलेला सदरा. तो सध्या शेवंतीने पंपावर झाकण म्हणून घातला आहे, असे कळते. तो काढून धुवावा. तो साधा सदरा नाही. मी पगारी बेसबॉल खेळाडू होतो. विलासराव इथे थांबून म्हणाले, "काका, मृत्युपत्रात थापा चालत नाहीत." तर सविस्तर लिहितो.

१९७७ साली आमची गोदी बांधणारी अमेरिकन कंपनी होती. तिचे साहेब मिस्टर हॅगर्टी यांना बेसबॉलचे वेड. त्यांनी अमेरिकेतून नऊ पगारी खेळाडू आणले आणि खाडीत पक्षी दिसतात म्हणून टीमचे नाव ठेवले तुबली फ्लेमिंगो. नोव्हेंबर ते एप्रिल बारा सामने, आखातातल्या इतर कंपन्यांच्या टीमांशी. डिसेंबर उजाडेपर्यंत चार खेळाडू परत गेले. एकाला बायकोची आठवण येत होती, तिघांना बिअरची. साहेबांनी शुक्रवारी आम्हांला वर्कशॉपमागे टेनिस बॉलने क्रिकेट खेळताना पाहिले आणि चार माणसे उचलली. त्यात मी एक आणि माझा खोलीतला भागीदार सदानंद मेस्त्री एक. तो माझ्याच तालुक्यातला, गाड्यांची पत्रे ठोकणारा. दर सामन्याला वेगळा पगार मिळे. तेव्हा पगारी म्हणजे पगारीच.

पहिले पाच सामने आम्ही हरलो. झेल येताना दिसला की सदानंद डाव्या हातातला चामड्याचा हातमोजा काढून फेकायचा आणि दोन्ही हातांनी झेल घ्यायचा. झेल सुटत नसे, पण साहेब डोके धरून खाली बसत. मला फटका मारल्यावर पळायचे लक्षात राहीना. क्रिकेटमध्ये धाव काढायची की नाही ही आपली मर्जी, तिथे मर्जीबिर्जी नाही, चेंडू लागला की पळ. साहेब ओरडत, "यल्ला, गुंडू, यल्ला!" आणि मी फटका कसा बसला ते बघत उभा. बॅट टाकून पळायचे हे तर मला शेवटपर्यंत जमले नाही. इतके चांगले लाकूड मातीत कसे टाकायचे? सुतार आहे मी! साहेबांनी शेवटी नाद सोडला. मी बॅट घेऊन पळायचो.

पण सहाव्या सामन्यापासून हात बसला. ओळीने सहा जिंकलो. कॅम्पातले पठाण, केरळचे वेल्डर, सगळे ट्रकात बसून बघायला येऊ लागले. बारावा सामना जिंकला की कप आमचा.

कलम ५. हे कलम सगळ्यांत महत्त्वाचे. बाकीचे हरवले तरी चालेल.

एप्रिल १९७८ चा शेवटचा शुक्रवार, सखीरच्या बाजूला वाळवंटात आखलेले मैदान, समोर दम्मामची टीम. शेवटचा डाव, पाच-पाच अशी बरोबरी, आमचे दोन गडी बाद, तिसरा गेला की डाव संपतो, आणि खेळायला मी. सदानंदचे बोट मोडले होते, म्हणून त्याला तिसऱ्या बेसजवळ उभे केले होते, पळणाऱ्याला थांब की पळ ते सांगायला. बेस म्हणजे मैदानाच्या चार कोपऱ्यांतल्या खुणा, ओळीने चारींना पाय लावून आले की एक धाव. मी असा मारला की चेंडू पार पाण्याच्या टँकरखाली गेला. पहिला बेस, दुसरा, तिसरा, सगळीकडे पाय लावला, शिकवल्यासारखा. माणसे पत्र्याचे डबे बडवत होती, माझा मला श्वास ऐकू येत नव्हता. चौथा बेस, म्हणजे घर, दहा पावलांवर. चेंडू परत येतोय. आणि मी लहानपणापासून क्रिकेटमध्ये जे केले तेच केले. लांब झेप घेतली आणि बॅट टेकवली.

बेसबॉलमध्ये बॅट टेकवून घर होत नाही. पाय लागावा लागतो, हात लागावा लागतो. माझी बॅट घरात आणि मी बाहेर. त्यांच्या माणसाने चेंडू सावकाश माझ्या पाठीला लावला. आउट. बरोबरी सुटेना म्हणून जादा डाव झाला, त्यात त्यांनी तीन धावा केल्या, आम्ही एकही नाही. खलास. महिन्याभरात गोदी पूर्ण झाली, कंपनी गेली, टीम गेली, आम्ही इथेच दुसरीकडे कामाला लागलो.

साहेबांनी सगळ्यांसमोर विचारले, "बॅट का? गुंडू, बॅट का?" ते रडत होते. एवढा मोठा माणूस रडताना बघून मी घाबरलो आणि म्हणालो, "सदानंदने ओरडून सांगितले, बॅट टेकव."

हे मी खोटे बोललो. मला कोणाचाही आवाज ऐकू आला नव्हता. सदानंद तिथेच उभा होता. तो एक शब्द बोलला नाही. त्या दिवसापासून कॅम्पात त्याचे नाव 'टेकव' पडले. पुढे इथल्या मंडळात गणपतीच्या आरतीला उभा राहिला तरी मागून कोणीतरी म्हणायचे, "टेकव रे, डोके टेकव!" पंधरा दिवसांत तो आमची खोली सोडून गेला. माझ्या वर्कशॉपसमोर रस्त्यापलीकडे गॅरेजात तो काम करतो. आठ वर्षे मी रोज त्याची पाठ बघतोय. लाज वाटते मला. भयंकर लाज वाटते. झडपेचे काय व्हायचे ते होवो, पण हे पोटात घेऊन मला टेबलावर झोपायचे नाही.

म्हणून लिहून देतो की चूक सर्वस्वी माझी. हे कलम येत्या गणपतीत मंडळाच्या कार्यक्रमात माइकवर मोठ्याने वाचावे. सुनीताने वाचू नये, ती इंग्रजीत सुरू होते.

कलम ६. या मृत्युपत्राचे व्यवस्थापक विलास गोखले. त्यांना त्रासाबद्दल माझी शिसवी पेटी. पहिली सही त्यांची. साक्षीदार म्हणून दुसरी सही सदानंद मेस्त्री यांचीच हवी, दुसऱ्या कोणाची घेऊ नये. विलासरावांनी आज गुरुवारी त्याला निरोप दिला आहे. तो म्हणाला, "बघतो." उद्या सकाळपर्यंत जागा कोरी ठेवली आहे.

पुरवणी. शुक्रवार.

सदानंद आला. दहा वाजता आला, अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून. खुर्ची दिली तर बसला नाही. उभ्यानेच कलम पाच वाचले. मग परत वाचले. चहा गार झाला. मी जमिनीकडे बघत होतो. पुढचे बोलणे झाले तसे लिहितो. विलासरावांची हरकत नोंदवली आहे.

"गुंड्या, ह्या खोटा कित्याक लिवलंस?"

"खोटा नाय रे. ह्याच खरा."

"खरा खय? मी आरडललंय मेल्या! 'बॅट टेकव, बॅट टेकव' म्हणान. नरडा बसला माजा त्या दिवशी."

मी म्हटले, "मग तू रागान गेलस ना खोलीतसून?"

"राग कसलो? माज्यामुळे तू आउट झालस, कप गेलो. साहेब रडलो. तुका तोंड खय दाखवू, म्हणान गेलंय."

मग तो खुर्चीवर बसला. गार चहा त्याने तसाच पिऊन टाकला. आठ वर्षे! मधे एक रस्ता, तो ओलांडायला अर्धे मिनिट लागते.

मी म्हटले, कलम पाच खोडतो. विलासराव म्हणाले, खोडल्यास बाजूला सही लागेल. सदानंद म्हणाला, खोडू नको, त्यात माझे नाव घाल. म्हणून दुरुस्ती : चूक दोघांची, निम्मी निम्मी. गणपतीत माइकवर आम्ही दोघे मिळून वाचू. माझी तब्येत आड आल्यास सदानंद एकटा वाचेल. तो म्हणतो, एकटा वाचणार नाही, तू परत ये. तेव्हा मला परत येणे भाग आहे.

वरील सर्व मजकूर मी स्वतःच्या हाताने लिहिला, वाचला, मान्य आहे.

गुंडू लक्ष्मण आरोलकर (सही)

मुक्काम तुबली, बहरीन
शुक्रवार, दिनांक १४ मार्च १९८६

साक्षीदार :

१. विलास गोखले (सही). भाषेची जबाबदारी माझी नाही.

२. सदानंद मेस्त्री (सही). वाचून, समजून सही केली. मी ओरडलो होतो. त्याला ऐकू आले नाही, हे मला आज कळले.