जवळजवळ इथलाच

१ सप्टेंबर
आजपासून रोज लिहायचं. परदेशात दोन वर्षं झाली, अनुभव वाया घालवायचे नाहीत. लोक बघतात म्हणून बायको कुढते. माझं तसं नाही. बघणाऱ्याकडे बघून हसायचं आणि आकडा टिपून ठेवायचा. अभ्यास म्हणून.
आज बघणारे: चौदा. बसमध्ये नऊ. सगळ्यांकडे हसलो. एका बाईंनी पर्स उचलून दुसऱ्या खांद्यावर घेतली. खांदा दुखत असेल.

३ सप्टेंबर
बढती! चष्म्याच्या दुकानात आजवर काउंटरवर होतो, मालकाने मागच्या खोलीत घेतलं. म्हणाला, काचा घासायला तुझ्यासारखा हात नाही. काउंटरवर एका म्हाताऱ्याने माझ्या हातून नाकावर चष्मा चढवून घ्यायला नकार दिला होता, त्याचा याच्याशी संबंध नाही. ते परवा झालं.
खोलीला खिडकी नाही. एकाग्रतेला उत्तम.

६ सप्टेंबर
घरात रडारड. जिन्यात तळमजल्यावरचा कुत्रेवाला बायकोला बघून कुत्र्यासकट भिंतीला चिकटला. मी म्हणालो, वाट दिली त्याने. ती म्हणाली, तुला कळतं सगळं, नुसतं सोंग आणतोस. तिचा भाऊ परतीचं तिकीट काढायला तयारच बसलाय. (मेहुण्याला दुसरा उद्योग नाही.)
बरीच वादावादी होऊन ठरलं ते असं: ३१ ऑक्टोबरपर्यंत इमारतीतल्या एका तरी घराने आम्हाला आत बोलावून बसायला खुर्ची दिली, तर ती राहील, पुन्हा विषय काढणार नाही. नाहीतर जाईल.
घरं बारा. आठवडे आठ. डाव्या हाताचा मळ.

९ सप्टेंबर
किल्ली विसरलो. बेल ऐकून चौथ्या मजल्यावरची शिंपीण खाली आली, तिने दार उघडलं. आमची जादा किल्ली बायकोने तिच्याकडे देऊन ठेवलीय म्हणे. मला विचारलंही नाही. शिंपी आणि शिंपीण, दोघंही बाहेरचेच. आपल्या देशाचे नव्हेत, तिसऱ्याच.
तेवढ्यात बायकोही बाहेरून आली. शिंपीण म्हणाली, दोघंही वर या, बसा. मी काम आहे म्हणून सटकलो. बायको गेली. तासाभराने खाली आली ती उजळलेल्या चेहऱ्याने. म्हणाली, खुर्ची मिळाली, गरम प्यायला मिळालं, झालं, मी राहते.
मी म्हणालो, हे धरायचं नाही. ते आपल्यासारखेच उपरे. इथल्या माणसाने बोलावलं तर खरं.
ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली.
आज बघणारे: सोळा. ही धरून.

१७ सप्टेंबर
मोहीम सुरू. कुत्रेवाल्याच्या कुत्र्याला बिस्किट दिलं. आवडीने खाल्लं. मालकाने लगेच खिशातून रुमाल काढून कुत्र्याचं तोंड पुसलं, आतूनसुद्धा. स्वच्छतेची आवड. मन मोठं ठेवलं की माणसं अशी उलगडत जातात.

२४ सप्टेंबर
सोन्याचा दिवस! पहिल्या मजल्यावरच्या कमिटीबाई (इमारतीचा सगळा कारभार यांच्या हातात) जिन्यात स्वतःहून थांबल्या. म्हणाल्या, तुम्ही त्या चौथ्या मजल्यावरच्यांसारखे नाही. मी विचारलं, म्हणजे कसा? म्हणाल्या, तुम्ही असून नसल्यासारखे आहात.
दिवसभर तरंगत होतो. एक भिंग वाया गेलं.
बायकोला सांगायला घरी आलो तर ही वर. शिंपिणीकडे मशीन शिकते. जिन्यात हिचं हसणं ऐकू आलं. दोन वर्षांत असं हसलेली ऐकली नव्हती. इथल्या लोकांना त्रास होत असणार. समज द्यायला हवी.

३ ऑक्टोबर
कमिटीबाईंनी एका कागदावर सही मागितली. चौथ्या मजल्यावर मशीनचा असह्य आवाज, जिन्यात परक्या लोकांची ये-जा, इत्यादी. त्यांच्या थेट खाली राहतो तो मी, तेव्हा माझ्या सहीला वजन. मला आवाज ऐकू येत नाही हे खरं, पण मी कामावर असताना येतही असेल. एवढी माणसं खोटं कशाला बोलतील?
सही केली. नेहमीची, मराठीतली, खाली दोन टिंबं देऊन. कागदावर उठून दिसत होती.
शिवाय सूचनाही केली: ज्याच्याकडे स्वतःची किल्ली नाही त्याला कुणीही आत घेऊ नये, चेहरा कितीही ओळखीचा असो. बाईंनी तिथल्या तिथे लिहून घेतली. इथे बुद्धीला किंमत आहे.
त्यांनी सही घेतली ती दारातच. आत पसारा असणार.

१० ऑक्टोबर
इमारतीच्या नव्या फलकासाठी कमिटीबाईंनी माझा फोटो काढला! बारा घरांतून मी एकटा. मी हसलो तर म्हणाल्या, हसू नका, थोडं खाली मान घालून वर बघा. चार वेळा काढला. मेहुण्याला कळवलं, की जरा दम धर, आता आम्ही इमारतीचा चेहरा आहोत.

१८ ऑक्टोबर
चौथा मजला रिकामा झाला.
नोटीस त्यांच्या दारावर चिकटवली होती, सगळ्यांच्या सह्यांसकट. शिंप्याला मराठी येत नाही. बायकोला येते.
तिने त्यांना माझी सही वाचून दाखवली नाही. शिंपिणीने किल्ली परत दिली, दोघी दारात गळ्यात पडून रडल्या. शिंपी माझा कोट घेऊन आला. बाही उसवली होती ती बायकोने त्याच्याकडे टाकली होती. मला कोट घालायला लावला, बाही ओढून बघितली, पाठीवर थाप मारली. टाके एवढे बारीक की कुठे उसवलं होतं ते सापडत नाही.
त्याच्याकडे बघवलं नाही. डोळ्यांना ताण असेल, मागच्या खोलीत उजेड कमी आहे.

२२ ऑक्टोबर
बायको चार दिवस बोलत नाही. शांतता बरी. आज बघणारे: एकवीस. घरात शून्य.

२९ ऑक्टोबर
फलक लागला! मुख्य दाराबाहेर, काचेत. वर मोठ्या अक्षरांत: अशा माणसांना आत घेऊ नका. खाली मी.
पुन्हा एकदा वाचलं. मग विचार केला, नाटकात खलनायकाचं काम कुणाला देतात? ज्याच्यावर भरवसा असतो त्याला. फोटो झकास आलाय.
बायकोला खाली नेऊन दाखवला. तिने नीट वाचला. मला वाटलं हसेल. वर जाऊन तिने बॅग काढली.

३० ऑक्टोबर
ती गेली. म्हटलं, अजून एक दिवस बाकी आहे. ती म्हणाली, आपल्याला नऊ सप्टेंबरलाच बोलावलं होतं.

३१ ऑक्टोबर, संध्याकाळी ५.१०
पायरीवर बसून लिहितोय. किल्ली घरात राहिली. जादा किल्ली बायकोने जाताना टेबलावर ठेवली, तीही आत.
कमिटीबाईंची बेल दाबली. त्या काचेपर्यंत आल्या. मी कोण ते सांगितलं. त्यांनी बोटाने फलक दाखवला आणि गेल्या. नियम चोख पाळला जातोय, हे मान्य करायला हवं.

५.२५
कुत्रेवाला आला. फलकाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, परत फलकाकडे. मी हसून म्हणालो, हो, मीच तो. तो अंग चोरून आत शिरला आणि दार घट्ट लागलं की नाही ते आतून दोनदा ओढून बघितलं.

५.४०
गार वारा सुटलाय. कोट आहे म्हणून बरं. रस्त्यावरचे बघताहेत, आज मोजत नाही.
मघाशी सवयीने चौथ्या मजल्याची बेल दाबली. दाबल्यावर आठवलं. तरी कुणी खाली येतंय का म्हणून थोडा वेळ थांबलो.