ताईवर पाळत

४ मार्च, सकाळ
आजपासून कोणावरही विश्वास ठेवायचा नाही. कालच्या सभेत साहेबांनी सगळं फोडून सांगितलं. पेपरवाले विकले गेलेत, डॉक्टर विकले गेलेत, मतमोजणीवाले तर कधीच. टाळ्या पिटून हात दुखतायत. साहेबांवर मात्र विश्वास ठेवायचा. ते वेगळं.

६ मार्च
मोजणीच्या हॉलमध्ये पक्षाचा प्रतिनिधी म्हणून नेमणूक! गळ्यात कार्ड. माझी सख्खी ताई शाळेत गणित शिकवते, तिलाही तिथेच ड्यूटी. बायको म्हणाली, बरं झालं, दोघं मिळून डबा खा. हिला राजकारण कळत नाही.

९ मार्च, दुपार
पहिल्या फेरीत साहेब मागे. म्हणजे घोटाळा. ताईने मतपत्रिकांचा गठ्ठा बांधला, वाकली आणि टेबलाखाली काहीतरी सरकवलं. आत मोबाइलला बंदी, पण मी मोज्यात नेला होता. लोकशाहीसाठी. व्हिडिओ काढला. नंतर विचारलं तर म्हणते, पाय सुजलेत रे, चपला काढल्या. असं कोणीही सांगेल. ग्रुपवर टाकला. ताईचं नाव लिहिलं नाही. शाळेचं लिहिलं.

संध्याकाळ
साहेबांनी स्वतः व्हिडिओ शेअर केला! ऊर भरून आला. बायको न जेवता झोपली. अ‍ॅसिडिटी असणार.

१० मार्च
ताईच्या घरावर दगडफेक. दाजींच्या डोळ्यात काच गेली. डोळा जाणार, असं डॉक्टर म्हणतात. डॉक्टरांचं किती ऐकायचं? दगड मारणारे आपले नव्हेतच, आपल्याला बदनाम करायला विरोधकांनी माणसं पाठवली. तरी माझा व्हिडिओ डिलीट केला. साहेबांचा तसाच आहे. त्यांच्या ऑफिसात फोन लावला, तर तिथल्या माणसाने विचारलं, कुठला व्हिडिओ?

१२ मार्च
फेरमोजणीत साहेब जिंकले! भाषणात म्हणाले, मोजणी अगदी चोख झाली, शिक्षकांचे आभार. म्हणजे ताई निर्दोष. खुद्द साहेबांनी सांगितलं, आता कोण काय बोलणार? मिटलं सगळं. उद्या जाऊन तिला ही आनंदाची बातमी देतो.

१३ मार्च, संध्याकाळ
ताईकडे गेलो. खिडकीला पुठ्ठा लावलाय. बेल वाजवली. कोण, असं तिने आतून विचारलं. मी, म्हटलं. म्हणाली, मोबाइल खाली ठेव. ठेवला. मागे सरक, म्हणाली. सरकलो. एकटाच आलायस का, विचारलं. हो म्हटलं. त्यावर आतून दुसरी कडी लावल्याचा आवाज आला.
एकटाच गेलो होतो. खरंच.