मागचं डावं दार

दि. ३ फेब्रुवारी

ती. स्व. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमची जुनी गाडी तुम्ही लग्नात मला दिलीत, त्याला सहा वर्षं झाली. इंजिन अजून तुमच्यासारखंच ठणठणीत आहे. दारांतले स्पीकर मात्र फाटलेत. माणूस बोलतोय की माशी, तेच कळत नाही.

या घरात माणसं सात आणि खोल्या चार. मी एकटी असते ती फक्त अंगणात उभ्या गाडीत. परगावच्या कॉलेजात शिकवायची जागा निघाली आहे, मुलाखत वीस मार्चला. रोज दुपारी काचा वर करून मी व्याख्यानं ऐकते आणि मग रिकाम्या सीटांना भाषण ठोकते. ह्यांना स्पीकर बदलून आणा म्हटलं, तर म्हणाले, गाडीत बसून काय ऐकायचंय? सासूबाईंनी विचारलं, बाईला परगावी नोकरीची गरजच काय? मी काय उत्तर दिलं, ते तिथपर्यंत ऐकू आलं असेल.

तेव्हा चारही स्पीकर मीच बदलणार. तुम्ही जन्मभर गाड्यांच्या तारा जोडल्यात, सविस्तर लिहा. आईला नमस्कार. मातोश्री राणीसाहेब अजून दार उघडायला कुणी येईपर्यंत गाडीतच बसून राहतात का?

तुमची
तोफ

दि. १२ फेब्रुवारी

चि. तोफेस अनेक आशीर्वाद.

वयाच्या पासष्टाव्या वर्षी शिष्या मिळाली! नीट ऐक. आधी बॅटरीची तार काढ. मग दाराच्या मुठीमागचे स्क्रू. आतलं आवरण खालच्या कोपऱ्यातून हळूहळू सुटं कर. भांडतेस तशी ओढू नकोस, खुंट्या मोडतील. कंपनीचे स्पीकर रिवेट ठोकून बसवलेले असतात, त्यांची डोकी ड्रिलने उडव. नवे घेण्याआधी काच पूर्ण खाली करून आतली जागा मोज, नाहीतर काच स्पीकरच्या पाठीवर आपटेल. तारा उलट्या लागल्या का, ते घड्याळाच्या सेलने तपास. सेलची टोकं स्पीकरकडे जाणाऱ्या तारांना टेकव, अधिकला अधिक, उणेला उणे. पडदा बाहेर आला तर बरोबर, आत गेला तर उलट.

मागच्या डाव्या दाराला हात लावू नकोस. तिथला स्पीकर चांगला आहे.

नोकरीचं म्हणशील तर जरा सबुरीनं घे. जावई निर्व्यसनी आहेत, हात उगारत नाहीत. तुझ्या आईनं, आमच्या ताईनंही सांभाळून घेतलंच ना? ताई बरी आहे. परवा डॉक्टरांकडे गेलो, तर मी दार उघडेपर्यंत तशीच बसून. राणीसाहेब त्या राणीसाहेबच.

प्रकृतीला जप, आणि या म्हाताऱ्यावर राग धरू नकोस.

तुझा
मामा

दि. ४ मार्च

ती. स्व. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

तीन दारं झाली. एकात तारा उलट्या जोडल्या, सेलने पकडल्या. आवाज असा मोकळा येतो की वाटतं बोलणारा शेजारच्या सीटवर बसलाय.

मग चौथं दार. मला नको म्हटलं की मी काय करते, हे तुम्हाला ठाऊक असायला हवं होतं. तिथला स्पीकर तर सगळ्यांत फाटका निघाला. आतून ते दार कधीच उघडत नसे. मुलांसाठीचं कुलूप लागलंय, असंच मी समजत होते. ते कुलूप उघडं आहे, मामा. आतल्या मुठीपासून कुलपाकडे जाणारी सळई आकड्यातून काढून पत्र्याला तारेनं बांधली आहे. तीन वेढे, आणि टोक आत वळवलेलं, कुणाला बोचू नये म्हणून. ही गाठ मी ओळखते. लहानपणी माझ्या सायकलच्या घंटीला तुम्ही अशीच मारली होती.

त्या दाराशी कायम आई बसायची. कशासाठी बांधलंत?

दारं उसकटलेली पाहून ह्यांनी गाडीची किल्ली खिशात घातली आहे. मुलाखतीचा विषय संपला, म्हणाले. आवाज चढवला नाही. गाडी अंगणात, मी खिडकीत.

उत्तर येईपर्यंत लोभ, आशीर्वाद काहीही मागत नाही.

तोफ

दि. १२ मार्च

चि. तोफेस,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

तू तीन वर्षांची होतीस. ताईला दवाखान्यात नोकरी मिळाली होती, तुझ्या वडिलांनी ती करू दिली नाही. ती तुला घेऊन आमच्याकडे आली आणि परत जाणार नाही म्हणाली. तुझ्या आजोबांनी मला याच गाडीतून तिला सासरी पोचवून यायला सांगितलं. रेल्वेचं फाटक लागलं, गाडी थांबली, तशी ती तुला कडेवर घेऊन उतरली आणि चालू लागली. मी मागे धावलो, समजूत घालून घरी आणलं. दुसऱ्या दिवशी निघण्याआधी ती तार बांधली.

त्याच फाटकाशी तिने मूठ ओढली. एकदाच. मग आरशातून माझ्याकडे पाहिलं. त्यानंतर कुठल्याच गाडीच्या मुठीला तिने हात लावलेला मी पाहिला नाही. राणीसाहेब हे नाव मीच ठेवलं आणि तुम्हा मुलांना हसायला शिकवलं. तुला सबुरी लिहिली, तीही त्याच हातानं.

आज ताईला सगळं सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत राहिली. सगळ्या झाल्यावर म्हणाली, तेव्हाच कळलं होतं. गाडीची दुसरी किल्ली अजून माझ्याकडे आहे. पार्सलनं पाठवतो म्हटलं, तर म्हणाली, नको, मी नेते.

मामा

दि. २३ मार्च

ती. स्व. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

वीस तारखेला सकाळी आई एकटी बसनं आली. चहाही न घेता सगळ्यांदेखत किल्ली माझ्या हातात ठेवली. हे म्हणाले, गेलीस तर परत येताना विचार करून ये. मी तोंड उघडलं, पण आईने माझी बॅग उचललेली पाहून मिटलं. आयुष्यात पहिल्यांदाच भाषण गिळलं.

ती मागे डावीकडेच बसली. सळई मी आधीच आकड्यात घातली होती, पण तिला सांगितलं नव्हतं. कॉलेजच्या फाटकाशी थांबले आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. पहारेकरी दार उघडायला आला, त्याला मानेनंच नको म्हटलं. मुलाखतीला दहा मिनिटं उरली होती. आई आरशात पाहत होती. मग तिने मुठीला नुसता हात लावला, काढला, पुन्हा लावला, आणि ओढली.

जागा मिळाली की नाही, ते पुढच्या आठवड्यात कळेल. तोवर कॉलेजमागे एक खोली घेतली आहे. खोली एक, माणसं दोन. आई तुमच्याकडे कधी येणार, ते तिलाच विचारा. मी तिच्या वतीनं बोलणार नाही. तिने तुम्हाला एवढंच कळवायला सांगितलंय की दार ठीक चालतंय.

माया असू द्या. सबुरी मात्र पाठवू नका.

तुमची
तोफ