दोन 'येतो'

अण्णा, कर्वेनगरच्या घराचं शेवटी काय झालं हे तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. तुम्ही गेलात त्याला आता इतकी वर्षं झाली की त्या प्रकरणात माझ्याबरोबर असलेली तुमची आठ वर्षांची नात आता स्वतः चष्मा लावून मला गोळ्यांच्या वेळा सांगते. पण घर तुमचं होतं. म्हणजे बांधलं बिल्डरनं, चालवलं तुम्ही. तेव्हा अहवाल तुमच्याकडेच यायला हवा. तुम्हाला तोंडी अहवाल चालत नसे. दूध नासलंय हे सांगायला आले तरी "नीट सांग, पहिल्यापासून सांग, नाहीतर लिहून आण," म्हणायचात. म्हणून लिहून आणते आहे, पहिल्यापासून.

कारखान्यात मोजमापाची यंत्रं दुरुस्त करण्यात तुमची हयात गेली. तिथून निवृत्त झाल्यावर बाकीचे लोक टेकडीवर फिरायला जायला लागले. तुम्ही जुन्या बाजारात जायला लागलात. दर रविवारी पिशवीभर घड्याळं, मोटारी, वायरी घरी यायच्या आणि आई म्हणायची, "भाजी राहिली वाटतं." वर्षभरात घराला अक्कल फुटली. चार वाजता किटलीत आपोआप पाणी भरून आधण यायचं. सातच्या बातम्यांना रेडिओ लागायचा. तिन्हीसांजेला दारावरचा दिवा पेटायचा आणि न्हाणीघरात पाणी तापायचं. तुळशीला नळाला जोडलेल्या सलाइनच्या बाटलीतून थेंब थेंब पाणी. आणि पाहुण्यांची ती खुर्ची, तिच्याखाली तुम्ही कळ बसवली होतीत. पाहुणा बसला की घड्याळ सुरू, आणि चाळीस मिनिटं झाली की डोक्यावरचा पंखा हळूहळू मंदावत जायचा. पाहुणे घाम पुसत "निघायला हवं" म्हणायचे आणि तुम्ही "बसा की" असा आग्रह करायचात. मी एकदा म्हटलं, "अण्णा, हे बरं दिसत नाही." तर म्हणालात, "माणसानं माणसाला घालवणं बरं दिसत नाही. पंख्याचं कोण मनावर घेतं?"

या सगळ्याचा कारभार दारामागच्या एका गोल बटणाकडे होता. ते 'आहे'वर फिरवलं की घर तुम्ही आहात असं समजायचं. 'येतो'वर फिरवलं की घर तुमची वाट बघायला लागायचं, सगळी तयारी ठेवायचं, आणि कुणी बेल वाजवली तर आत टेपरेकॉर्डर लागून तुमचा आवाज यायचा: "बाहेर गेलोय. येतोच. पायरीवर बसलात तरी चालेल. कुंड्यांना हात लावू नका." छातीत दुखतंय म्हणून रिक्षात बसलात त्या सकाळीसुद्धा तुम्ही ते बटण 'येतो'वर फिरवून निघालात. मी म्हटलं, राहू दे आता. तुम्ही म्हणालात, "आलेल्या माणसाला कळायला नको?" तिसऱ्या दिवशी तुम्ही दवाखान्यातच गेलात. बटण तिथेच राहिलं.

भेटायला येणाऱ्यांचं काय झालं ते तुम्ही बघायला हवं होतं. तुमच्या मोठ्या मेहुणीनं बेल दाबली, तुम्ही आतून "येतोच" म्हणालात, आणि ती तिथूनच परत फिरली ती थेट कोपऱ्यावरच्या मारुतीपाशी जाऊन थांबली. कारखान्यात तुमच्या हाताखाली काम केलेले ते बारीक मिशीवाले गृहस्थ आले, त्यांना मी अर्ध्या तासानं पाहिलं. पांढरा सदरा घालून, गुडघ्यांवर हात ठेवून पायरीवर बसले होते. म्हटलं, अहो, आत का नाही आलात? म्हणाले, "साहेब बसा म्हणाले." बोलल्यावर त्यांच्या लक्षात आलं आणि मग ते जे रडायला लागले, त्यांना आवरायला आईलाच उठावं लागलं. आई मात्र रडत नव्हती. तेरा दिवसांत तिच्या डोळ्याला पाणी नाही. लोक खुर्चीत बसायचे, चाळीस मिनिटांनी पंखा मंदावायचा, लोक उठायचे, आणि आई शांतपणे म्हणायची, "यांची पद्धत आहे ती."

चौदाव्या दिवशी मी बटणाला हात लावायला गेले तर आईनं मनगट धरलं. "राहू दे." मी म्हटलं, "आई, अण्णा गेले." माझ्याकडे तिनं अशी नजर टाकली, जणू मीच काहीतरी वेड्यासारखं बोलले होते. "मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "चिता मीही पाहिली. पण घराला ठाऊक नाही. त्याला येतो म्हणून सांगून गेलेत. आता त्याला कोण सांगणार? तू सांगणार?" मी हात मागे घेतला. ती त्या घरात एकटी राहायला लागली. चार वाजता आधण आलं की एक कप चहा करायची, सातला बातम्या ऐकायची. गॅसवाला, दूधवाला, पोस्टमन सगळे सरावले. पोस्टमन तर तुमच्या आवाजाला "बरं" म्हणून उत्तर द्यायचा.

अशी दोन वर्षं गेली, आणि एक दिवस ती ओल्या फरशीवर घसरली. मनगट मोडलं. सकाळपासून दुपारपर्यंत तशीच पडून होती, अण्णा. शेजारच्या बाई येऊन गेल्या होत्या. त्यांनी बेल वाजवली, तुम्ही "बाहेर गेलोय, येतोच" म्हणालात, आणि त्या रोजच्यासारख्या परत गेल्या. आई आतून हाका मारत होती, पण तुमचा आवाज मोठा. हे कळलं त्या दिवशी मी तुमच्यावर जितकी रागावले तितकी जिवंतपणी कधी रागावले नव्हते. तिला मी नारायण पेठेत आमच्याकडे आणलं. प्लास्टर सुटायच्या आधीच तिनं पिशवी भरून ठेवली. मी म्हटलं, आता इथेच राहा. म्हणाली, "घर चालू ठेवून कशी राहू? वाट बघत बसलेल्याला टाकून येतात का कुणी?" तुमच्या जावयानं समजावलं, डॉक्टरांनी समजावलं. तिचं एकच, घर चालू आहे. ती परत गेली असती तर पुढच्या वेळी मनगटावर भागलं नसतं, आणि हे तिच्याखेरीज सगळ्यांना दिसत होतं.

तेव्हा प्लास्टर सुटायच्या आदल्या आठवड्यात मी आईचे कपडे आणायच्या निमित्तानं कर्वेनगरला गेले. बरोबर नात. तिच्या शाळेत तेव्हा ग्रह शिकवत होते, त्यामुळे ती अंतराळवीर झाली होती, जेवतानासुद्धा. तुमचं स्कूटरचं हेल्मेट घालूनच ती रिक्षातून उतरली. कुलूप काढण्याआधी तिनं बेल दाबली आणि तुम्ही आम्हाला कुंड्यांना हात न लावण्याबद्दल बजावलंत. आत घर दीड महिना बंद होतं. म्हणजे आपल्या दृष्टीनं बंद. तुळस टवटवीत. चार वाजले आणि किटली शिट्टी मारायला लागली. पोरगी पाय न उचलता, तरंगल्यासारखी चालत मोठ्यानं अहवाल द्यायला लागली, तुमचीच नात: "ग्रहावर हवा आहे. वास डांबरगोळ्यांचा. माणसं नाहीत. यंत्रं चालू आहेत. यंत्रांनी चहाचं पाणी ठेवलं आहे, पण प्यायला कोणी नाही." मग ती थांबली, हेल्मेट वर केलं आणि मला विचारलं, "आई, यांना कोणी सांगितलंच नाही का?" मी पाहुण्यांच्या खुर्चीत बसून राहिले. चाळीस मिनिटांनी पंखा मंद झाला. अण्णा, मी तुमची मुलगी, मलाही.

मग तिन्हीसांजेला दारावरचा दिवा आपोआप लागला, तशी मी पेटून उठले आणि मेन स्विच पाडला. पंखा थांबला, पण दारावरचा दिवा तसाच, आणि बेल दाबली तर तुम्ही आहातच. वीज जाण्याचा विचार तुम्ही करून ठेवला होता, कपाटाच्या मागे स्कूटरची बॅटरी. चौकातल्या इलेक्ट्रिशियनला बोलावलं. तो मूळचा तिथल्याच वाडीतला, कर्वेनगर गाव होतं तेव्हापासूनचा. त्यानं दारामागची फळी उघडली आणि बराच वेळ नुसता बघत बसला. "ताई, ह्ये कुनी केलंय?" म्हटलं, वडिलांनी. "मग त्यांनाच बोलवा की." म्हटलं, ते नाहीत. "बाहेर गेल्यात व्हय? मगाशी आवाज आला त्यांचा. येऊ द्या त्यांना, मग बघू. आपन हात लावनार नाय, लई डोक्याचं काम हाय." आणि तो हत्यारं गोळा करून गेला. जाताना पायरीवर दोन मिनिटं थांबलासुद्धा.

शोध लावला तो नातीनं. दारामागचं बटण ती मोठ्यानं वाचत होती. "आहे. येतो. गावाला. येतो." मग म्हणाली, "इथे दोनदा येतो लिहिलंय. शुद्धलेखन चुकलंय."

आणि मला तो दिवस जसाच्या तसा दिसायला लागतो. मी कॉलेजात आहे. तुम्ही स्टुलावर बसून बारीक ब्रशनं बटणाभोवती अक्षरं काढताय. 'आहे', 'येतो', 'गावाला', आणि चौथ्या खुणेवर तुम्ही 'जातो' असं लिहिता. आई कणकेच्या हातानं बाहेर येते. "हे काय अभद्र? पुसा आधी." तुम्ही समजावता, अगं, सगळं पूर्ण बंद करायलाही एक जागा लागते, कधी घर सोडलं, विकलं तर. "घर सोडून कुठे निघालात? आणि निघालात तरी जातो म्हणतं का कोणी? येतो म्हणावं." तुम्ही म्हणता, येतो आधीच लिहिलंय. "मग परत लिहा." दोन 'येतो' कसे असतील, घोटाळा होईल, यंत्रात असं चालत नाही. आई म्हणते, "बोलताना चालतं ना? भाजीला निघालेला माणूसही येतोच म्हणतो आणि कायमचा निघालेलाही. ज्याला कळायचं त्याला कळतं." तुमच्यासारखा माणूस, साहेबांशी हुज्जत घालून यंत्रं परत पाठवणारा, चिंधीनं 'जातो' पुसतो आणि तिथे मुकाट्यानं 'येतो' लिहितो. वर मला सांगतो, "हिचं बरोबर आहे. पण हे ड्रॉइंगमध्ये दाखवता येत नाही."

म्हणजे तुम्ही बंद करायची जागा ठेवली होतीत. फक्त दवाखान्यात जाताना तुम्ही पहिला 'येतो' लावलात, आणि खरा होता दुसरा. मी बटण धरलं. दोन वर्षं न फिरल्यामुळे ते घट्ट झालं होतं. दोन खुणा पुढे नेलं. दिवा गेला. कपाटामागची बारीक गुणगुण थांबली, जी चालू होती हे ती थांबल्यावरच कळलं. नातीनं बाहेर जाऊन बेल दाबली, परत दाबली, आणि दारातून डोकावून म्हणाली, "आजोबा बोलत नाहीत." मी बाहेर येऊन पायरीवर बसले आणि भरपूर रडले. तिथे बसायला तुमची परवानगी होतीच. कुंड्यांना हात लावला नाही.

येताना रिक्षात मी पोरीला सांगितलं, आजीला काही बोलायचं नाही. ती म्हणाली, "अंतराळवीर खोटं बोलत नाहीत." मी म्हटलं, "नारायण पेठेत उतरल्यावर बोलतात." आणि घरी येऊन आईला सांगितलं, "आई, घर बंद पडलं." केलं म्हणाले नाही. पडलं म्हणाले. ती शेंगा सोलत होती एका हातानं. "आपोआप?" मी म्हटलं, आपोआप. "दिवासुद्धा? बेलसुद्धा?" म्हटलं, सगळंच. तिनं शेंगांचं ताट बाजूला सारलं. "तरी मी यांना सांगत होते, जुन्या बाजारातलं सामान घालू नका." एवढं म्हणाली आणि तिचा चेहरा रडवेला झाला. दोन वर्षांचं राहिलेलं रडणं ती त्या संध्याकाळी रडली. मी पाठीवरून हात फिरवत राहिले. शेवटी नाक पुसून म्हणाली, "दमलं असेल गं. किती दिवस बघणार वाट?" आणि भरलेली पिशवी तिनं स्वतः उघडून कपडे माझ्या कपाटात लावले. परत जायचं नाव काढलं नाही.

तेव्हापासून ती आमच्याकडेच आहे. नव्वदीला टेकली आहे, भिंग लावून वाण्याच्या पुड्याचा कागदही वाचते, म्हणून हे पत्र ती दुपारची झोपून उठायच्या आत मला फाडावं लागेल. येणाऱ्या प्रत्येकाला ती तुमच्या यंत्राची गोष्ट सांगते आणि शेवटी म्हणते, "पण टिकलं नाही हो, हे गेल्यावर दोन वर्षांत बिघडलं." एकदा ते बारीक मिशीवाले गृहस्थ आले होते. त्यांना ते सहन झालं नाही. "शक्य नाही, वहिनी. साहेबांनी जोडलेलं काही बिघडलेलं मी ऐकलेलं नाही." आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "अहो, सामानच जुनं होतं," आणि त्यांच्या ताटलीत आणखी एक लाडू वाढला. सगळ्या आयुष्यात तुमच्या कामाला कुणी नावं ठेवली नव्हती, अण्णा. ती मी ठेवली, तीही तुमच्याच माणसासमोर. त्याची माफी मागावी म्हणून लिहायला बसले होते. पण आतल्या खोलीतून आईचं घोरणं ऐकू येतंय आणि माझ्याच्यानं काही माफी मागवत नाही. तेवढं समजून घ्या. यंत्र उत्तम चालू होतं. मीच बंद केलं.