स्पॅनिश वहीतलं चौथं पान

३ मार्च

कारखान्यातल्या मावशींची दोन बोटं गेली. पुठ्ठा कापायच्या प्रेसमध्ये. प्रेसचं दार उघडलं की मशीन थांबायलाच हवं — थांबलं नाही. पॅनेल उघडलं. दाराच्या स्विचवर वायरचा तुकडा! म्हणजे दार सताड उघडं असलं तरी मशीनला ते बंदच वाटणार.

साहेब म्हणाले, "बाईचं लक्ष नव्हतं. अहवालात तेवढंच लिही."

"आणि तुकडा?"

"कुठला तुकडा?" — आणि खिशात घातला!

४ मार्च

मशीन बसवायला आलेला परदेशी पाहुणा दोन दिवस इथे होता. तो अखंड बोलायचा, आम्ही माना डोलवायचो. त्याने लिहिलेली सर्व्हिसची वही सापडली. स्पॅनिश, कार्बन कॉपी, अक्षर म्हणजे मुंगीचे पाय. फोनने भाषांतर केलं: "बिशपने कपाट प्यायलं." हातानेच करणार.

६ मार्च

शब्दकोशात काही मिळत नाही! भूतकाळात गेली की ही क्रियापदं ओळखच दाखवत नाहीत. 'पुसे', मी बसवलं — कोशात 'पोनेर'. 'दिखे', मी सांगितलं — कोशात 'देसिर'. 'पेदिर', मागणे: त्याने मागितलं की 'पिदिओ', मी मागितलं तर मात्र 'पेदी'. काहींत उच्चार टिकावा म्हणून मध्येच एक 'यू' घुसवतात, तोही फक्त 'मी'पुरता. कोणी सांगितला होता हा उद्योग!

तक्ता केला. चाळीस ओळी. साहेब डोकावले — "काय, परदेशी नवरा बघितलास?" पेन्सिलचं टोक मोडलं.

९ मार्च

मावशींना भेटले. "आता मोजायचं ते आठपर्यंतच," म्हणाल्या आणि हसल्या. मग हळूच, "माझी चूक नव्हती ना गं? घरातही सगळे तसंच म्हणतात."

सोमवारी चौकशी. चूक त्यांची ठरली तर कामावरून काढणार.

"तुमची नव्हती. ज्याची आहे त्याचं नाव मी लिहून आणते."

१२ मार्च

तीन पानं झाली. 'चाचणीसाठी दाराच्या स्विचवर वायर जोडली.' पाहुण्यानेच! आणि खाली — 'निघण्याआधी सांगितलं, ही काढल्याशिवाय काम सुरू करू नका.' कोणाला? साहेबांना, दुसऱ्या कोणाला! ठाऊक असून गप्प बसले, वर मावशींवर ढकलतात! सोमवारी सगळ्यांदेखत वही त्यांच्या नाकासमोर धरणार.

१३ मार्च

चौथं पान. 'इंजिनीअर बाईंना वायर दाखवली. दोनदा समजावलं. त्यांनी मान डोलावली, सही केली.'

सही माझी आहे.

मावशींना नाव लिहून देईन म्हटलं होतं. लिहिलं.